आई-वडील एप्रिल-मेमध्ये इंग्लंडला येत असतील तर वसंतातल्या सहली कशा आखाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लंडनमधील हॅरो येथे राहता, गाडी नाही, आई-वडील 12 एप्रिलच्या सुमारास नाशिकहून येऊन मे अखेरपर्यंत राहणार आहेत. वडील रोज चालणारे असून तरुणपणी त्यांनी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि सात वर्षांच्या मुलीला कोकरे पाहायची आहेत. आपण कॉट्सवोल्ड्स, लेक डिस्ट्रिक्ट, स्टोनहेंज, सेव्हन सिस्टर्स अशी यादी दिली असून कोणत्या शनिवारी कुठे जावे असे विचारले आहे.

मी गेली अनेक वर्षे दक्षिण इंग्लंडमध्ये पायी भटकणाऱ्या गटांना घेऊन जातो आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी अशा सहली आखून देण्याचे काम माझ्याकडे दर वसंतात येते. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नात अडचण स्थळांची नसून क्रमाची आहे. आपण आधी ठिकाणे ठरवली आणि मग तारखा शोधत आहात. इंग्लंडच्या ग्रामीण भागात वसंत ऋतू पाहायचा असेल तर आधी आठवडा पाहावा, मग आईंना किती चालवेल ते पाहावे आणि ठिकाण शेवटी निवडावे. कासच्या पठारावर मे महिन्यात फुले शोधायला कोणी जात नाही. इथल्या रानांचेही वेळापत्रक तितकेच काटेकोर असते, मात्र दर वर्षी ते आठवडा-दहा दिवस मागेपुढे सरकते.

त्यामुळे मी पुढे जे आठवडे सांगणार आहे, ते सर्वसाधारण आहेत. फेब्रुवारी-मार्च उबदार गेले तर सगळे लवकर फुलते, थंडी लांबली तर उशीर होतो. उत्तरेकडे आणि उंचावर हेच सर्व दक्षिणेपेक्षा उशिरा येते. आपण ठरवलेली तारीख चार दिवसांनी बदलण्याची तयारी ठेवली, तर निम्मे काम झाले असे समजावे.

सुरुवात पहिल्या आठवड्यापासून करू, कारण बहुतेक कुटुंबे हा आठवडा वाया घालवतात. उन्हाळी वेळेत भारत इंग्लंडच्या साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे आपले आई-वडील सुरुवातीचे काही दिवस पहाटे साडेतीन-चारलाच जागे होऊन बसतील. घरातले सगळे झोपलेले, बाहेर अंधार आणि करायला काही नाही, अशी त्यांची अवस्था होते. नेमक्या याच दिवसांत इथे पक्ष्यांचे पहाटेचे गाणे रंगात आलेले असते. एप्रिलच्या मध्यावर लंडनला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि त्याआधी साधारण तासभर पक्षी गायला सुरुवात करतात. प्रथम रॉबिन आणि ब्लॅकबर्ड, मग साँग थ्रश, आणि उजाडू लागल्यावर रेन हा एवढासा पक्षी आपल्या आकाराला न शोभणाऱ्या मोठ्या आवाजात त्यांच्यात सामील होतो. दक्षिणेकडून परतलेले चिफचॅफ आणि ब्लॅककॅपही तोवर आलेले असतात. यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपल्या हॅरोमध्येच स्टॅनमोरजवळ बेंटली प्रायरीचे राखीव रान आहे, तिथे उजाडता उजाडता पोहोचावे. वडिलांच्या फोनवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत अॅप टाकून द्यावे. ते आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. त्याचा अंदाज कधी चुकतो, पण नवख्या माणसाला कान लावून ऐकायची सवय त्यामुळे लागते. साँग थ्रश ओळखायला तर अॅपही लागत नाही, कारण तो प्रत्येक लकेर दोन-तीन वेळा म्हणतो आणि मगच पुढच्या लकेरीकडे वळतो.

याच दिवसांत कुंपणांवर पांढरी फुले दिसू लागतील. पाने फुटण्याआधीच काळ्या फांद्या पांढऱ्या झाल्या असतील तर तो ब्लॅकथॉर्न. हिरवी पाने आधी येऊन मग मे महिन्यात फुले आली तर तो हॉथॉर्न. हा फरक मुलीला एकदा दाखवून द्यावा, आगगाडीच्या खिडकीतूनही ती तो ओळखू लागेल. ब्लॅकथॉर्न फुलला की बऱ्याचदा बोचऱ्या वाऱ्याचे काही दिवस येतात आणि जुने लोक त्याला ब्लॅकथॉर्नचा हिवाळा म्हणतात. नाशिकच्या एप्रिलमधून थेट इथे उतरलेल्या माणसाला हे ऊन फसवे वाटते. दुपारी बारा-तेरा अंश असले तरी सावलीत आणि वाऱ्यात अंगावर काटा येतो. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, कारण चढावर एक उतरवता येतो आणि बाकावर बसताना पुन्हा घालता येतो. सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारे जॅकेट असावे, छत्रीचा उघड्या माळावर उपयोग होत नाही.

एप्रिलचा तिसरा-चौथा आठवडा आपण कॉट्सवोल्ड्ससाठी ठेवावा, पण तिथल्या बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर या प्रसिद्ध गावांऐवजी मी मोरटन-इन-मार्श सुचवतो. पहिली दोन गावे सुंदर आहेत, यात वाद नाही. मात्र त्यांच्यापाशी रेल्वे नाही आणि शनिवार-रविवारी तिथे गर्दीतून वाट काढावी लागते. मोरटनला पॅडिंग्टनहून थेट गाडी जाते, स्टेशन गावातच आहे, आणि तिथून शेतांमधल्या पायवाटेने सुमारे अडीच किलोमीटरवर बॅट्सफर्ड हे वृक्षोद्यान लागते. जपानी चेरीच्या झाडांचा राष्ट्रीय संग्रह तिथे आहे. मॅग्नोलिया आणि चेरी यांचा बहर साधारण याच सुमारास असतो. उद्यान टेकडीच्या उतारावर असल्याने आईंनी खालच्या भागातच फिरावे, वडील वरपर्यंत जाऊन येतील. जाताना पायवाटेऐवजी आईंसाठी टॅक्सी करायची असेल तर ती आदल्या दिवशी फोन करून ठरवावी. छोट्या स्टेशनांबाहेर टॅक्सी उभी असेल असे गृहीत धरू नये.

आता ब्लूबेल. वसंतातली एकच सहल करायची असेल तर मी हीच करेन, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जगातल्या ब्लूबेलच्या फुलांपैकी जवळपास निम्मी ब्रिटनमध्ये आहेत असे मानले जाते. ती जुन्या पानगळीच्या रानांत वाढतात. ओक आणि बीच या झाडांना पालवी फुटून छत दाट होण्याआधी जमिनीवर भरपूर ऊन पडते आणि त्या मोजक्या आठवड्यांत हे कंद पाने काढतात, फुलतात आणि पुढच्या वर्षीचा साठा करून घेतात. झाडांची पाने मोठी झाली की खाली सावली पडते आणि निळाई ओसरते. म्हणूनच दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला पंधरवडा एवढाच काळ हाती असतो.

हॅरोहून यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे हर्टफर्डशायरमधील अॅशरिज. हे रान नॅशनल ट्रस्ट या 1895 साली स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. हॅरो अँड वील्डस्टोनवरून जाणाऱ्या मार्गावरच ट्रिंग स्टेशन लागते. तिथून ऑल्डबरी हे तळ्याकाठचे गाव सुमारे दीड किलोमीटर असून, गावामागचा चढ रानातून थेट ब्रिजवॉटरच्या स्तंभापाशी येतो. 1832 साली उभारलेला हा स्तंभ म्हणजे इंग्लंडमध्ये कालव्यांचा पाया घालणाऱ्या ड्यूकचे स्मारक आहे. त्याच्याजवळच कॅफे आणि शौचालय आहे. हा रस्ता वडील आणि मुलीसाठी उत्तम, आईंसाठी नाही. आईंना घेऊन आपण एक स्टेशन अलीकडे, बर्कहॅमस्टेडला उतरावे, आधी ठरवलेल्या टॅक्सीने थेट स्तंभापाशी जावे आणि सर्वांनी तिथे भेटावे. वरती वाटा रुंद आणि बऱ्याच सपाट आहेत. अॅशरिजमधला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे डॉकी वुड. तो स्तंभापासून काहीसा दूर आहे, आणि फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे छोटे प्रवेशशुल्क घेतात. ते आणि त्या वर्षीचा बहर कुठवर आला आहे, हे निघण्याआधी ट्रस्टच्या पानावर पाहून घ्यावे. शक्य असल्यास आपण रजा काढून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, आणि ते जमत नसेल तर शनिवारी सकाळी नऊच्या आत पोहोचावे.

तिथे गेल्यावर सर्वांनी एकदा खाली बसून एकच फूल जवळून पाहावे. अस्सल इंग्लिश ब्लूबेलचा देठ टोकाला वाकलेला असतो आणि फुले एकाच बाजूला लोंबतात. पाकळ्यांची टोके मागे वळलेली असतात, आतले पराग मलईच्या रंगाचे असतात, आणि वास मंद गोड येतो. बागेतून निसटलेली स्पॅनिश जात ताठ उभी असते, तिची फुले देठाभोवती सर्व बाजूंनी येतात आणि तिला जवळजवळ वास नसतो. फोटोसाठी मात्र वाटेबाहेर पाऊल टाकू नये, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. पाय पडला की फूल मोडते, पण खरे नुकसान पानांचे होते; पाने चिरडली की कंदाला अन्न साठवता येत नाही आणि त्या जागी पुढची काही वर्षे फूल येत नाही. कंद उपटणे हा तर 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. मुलीला फुलांच्या मधोमध बसवून फोटो काढण्याचा मोह प्रत्येक कुटुंबाला होतो. वाटेच्या वळणावर उभे राहून कॅमेरा खाली धरला, तर वाट न सोडताही चारी बाजूंना निळाई दिसते.

मेच्या मध्यावर आईंसाठी खास एक दिवस ठेवावा आणि तो चेस नदीच्या खोऱ्यात घालवावा. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने अर्ध्या तासात चॅल्फाँट अँड लॅटिमर येते, ऑयस्टर कार्ड चालते, वेगळे तिकीट काढावे लागत नाही. वस्तीतून थोडे चालून रानातली उतरण संपली की खाली चेस नदी लागते. ही चॉक स्ट्रीम आहे, म्हणजे खडूच्या खडकातून पाझरून आलेल्या पाण्याची नदी. अशा नद्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य इंग्लंडमध्ये आहेत. खडकातून गाळून आल्यामुळे पाणी इतके स्वच्छ असते की पुलावरून तळाचे खडे आणि प्रवाहात डोलणारे शेवाळी हिरवे पट्टे दिसतात, आणि मे महिन्यात वॉटर क्रोफुटची पांढरी फुले पाण्यावर तरंगताना दिसतात. काठाने हळूहळू लॅटिमर गावापर्यंत जावे, डबा खावा आणि परतावे. परतीचा चढ आईंना जड वाटत असेल तर लॅटिमरहून टॅक्सीने स्टेशनवर यावे. इथे एक सूचना आवर्जून करतो. पाण्यात वॉटरक्रेस उगवलेली दिसली की आपल्याकडच्या गृहिणींना भाजी खुडण्याची इच्छा होते. वरच्या कुरणांत मेंढ्या-गुरे चरत असतील तर त्या पाल्यातून यकृतातल्या जंताची बाधा होऊ शकते, तेव्हा रानातली वॉटरक्रेस कच्ची कधीही खाऊ नये. रानातल्या लसणीसारख्या पाल्याचेही तेच. तिच्याच शेजारी लॉर्ड्स अँड लेडीज नावाची विषारी वनस्पती उगवते आणि कोवळेपणी पाने फसवतात. घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी यांवरच भागवावे.

कोकरांचा प्रश्न वेगळा आहे. सखल भागातल्या मेंढ्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान वितात, डोंगराळ भागातल्या एप्रिल-मेमध्ये. त्यामुळे एप्रिलमध्ये मोरटनच्या शेतांत आपल्याला मोठी होऊ लागलेली कोकरे कुंपणापलीकडून दिसतील. हातात घ्यायची असतील तर शाळेच्या ईस्टरच्या सुट्टीत अनेक शेते पाहुण्यांसाठी खुली असतात, तिथेच जावे; रस्त्यावरच्या शेतात शिरून मेंढीजवळ जाऊ नये, कारण घाबरलेली मेंढी पिल्लाला टाकून पळते. कोकराला हात लावल्यावर मुलीचे हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावेत. हातावर चोळायचे जेल इथे पुरेसे नसते, कारण जनावरांपासून होणाऱ्या पोटाच्या काही संसर्गांवर, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियमवर, ते काम करत नाही. सोबत कोणी गर्भवती असेल तर तिने विणाऱ्या मेंढ्यांच्या आणि नवजात कोकरांच्या जवळही जाऊ नये. असा येथील आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे.

मेंढ्यांपेक्षा मी गाईंना अधिक जपून असतो. हिवाळाभर गोठ्यात असलेल्या गाई एप्रिल-मेमध्ये वासरांसह कुरणात सोडल्या जातात. आपल्याकडे गाय म्हणजे रस्त्यात उभी असणारी शांत गोमाता, त्यामुळे वडीलधारी माणसे तिच्या अंगावर हात फिरवायला जातात. इथे ते टाळावे. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, लांबचा वळसा घ्यावा, धावू नये आणि कुत्रा सोबत नसेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही.

दुसऱ्याच्या शेतातून चालायचे कसे, हा प्रश्न आपले वडील पहिल्याच दिवशी विचारतील, कारण शेताच्या बांधावरून किती भांडणे होतात हे त्यांना ठाऊक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटांचे सुमारे 2,25,000 किलोमीटरचे जाळे आहे. जमीन खासगी असली तरी त्या वाटेने जाण्याचा हक्क प्रत्येकाला कायद्याने आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळी असलेली वाट. हा हक्क वाटेपुरता आहे, शेतभर हिंडण्याचा नाही. म्हणून उभ्या पिकातून वाट जात असेल तर एकामागून एक चालावे आणि फाटक जसे आढळले तसेच, म्हणजे उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, ठेवावे. डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या माळांवर फिरण्याचा व्यापक हक्क लोकांनी बराच झगडून मिळवला. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर परिसरातले कामगार तरुण परवानगीशिवाय किंडर स्काउट या डोंगरमाळावर चढले, त्यांपैकी काहींना तुरुंगवास झाला, आणि तशा प्रकारचा हक्क देणारा कायदा 2000 साली आला. हा इतिहास वडिलांना नक्की आवडेल.

आईंच्या दृष्टीने बाणांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे कुंपण कसे ओलांडायचे आहे. काही वाटांवर फाटके असतात, काहींवर स्टाइल, म्हणजे एक पाय उंच टाकून ओलांडायच्या लाकडी पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना एक स्टाइल चालते, पाच चालत नाहीत. म्हणून वाट निवडताना अंतराआधी स्टाइल किती आहेत हे पाहावे. नारिंगी मुखपृष्ठाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर नकाशा पायवाटा आणि शेतांची कुंपणे दाखवतो, पण स्टाइल दाखवत नाही. त्या भागातल्या चालणाऱ्यांनी लिहिलेली वर्णने वाचूनच ते कळते. वेगाचा हिशेबही वेगळा धरावा. सर्वांना घेऊन चालताना, थांबत, फोटो काढत, ताशी दोन किलोमीटर होतात, त्याहून जास्त नाही. वडिलांना मात्र एक सांगून ठेवावे की राजगड चढलेल्या माणसाला दोनशे मीटरची टेकडी किरकोळ वाटली, तरी ओला खडू आणि ओली चिकणमाती बसाल्टसारखी पाय धरत नाहीत. बूट खोल खाचांचे असावेत आणि उतरताना काठी हाती असावी.

शौचालयाचा विषय संकोचाने कोणी विचारत नाही, पण ज्येष्ठांची सहल त्याच्यामुळेच बिघडते. पायवाटांवर शौचालये नसतात. स्टेशन, ट्रस्टचे स्वागतकेंद्र आणि गावातला पब ही तीनच भरवशाची ठिकाणे, तेव्हा दर दीड-दोन तासांनी यांपैकी एक येईल अशी वाट निवडावी. पबमध्ये चहा किंवा सरबत घेऊन बसायला कोणाची हरकत नसते, शाकाहारी पदार्थही मिळतात, मात्र अनेक ठिकाणी दुपारी अडीचच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होऊन संध्याकाळीच उघडते. घरी परतल्यावर सर्वांनी गुडघ्यामागे, कमरेला आणि मुलीच्या केसांत गोचीड चिकटली नाही ना, हे पाहावे. सापडल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावे, कारण लाइम आजाराची ती खूण असते.

आपल्या यादीतली उरलेली नावे आता लवकर हातावेगळी करतो. स्टोनहेंज कोणत्याही ऋतूत सारखेच दिसते, त्यासाठी वसंतातला शनिवार खर्च करू नये. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे वडील आणि आपण दोघांनी जाऊन पाहण्यासारखे आहेत. कडा खालून पोखरलेला असतो, म्हणून काठापासून चांगले लांब चालावे. लेक डिस्ट्रिक्ट एका दिवसाचे काम नाही. मे अखेरीस शाळेला आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा तीन दिवस काढून जावे. यूस्टनहून ऑक्सनहोम आणि तिथून गाडी बदलून विंडरमीर असा प्रवास आहे. त्या डोंगरांत तेव्हाही लहान कोकरे दिसतील, रात्री नऊनंतरही उजेड असेल, आणि राष्ट्रीय उद्यानाने स्टाइल नसलेल्या वाटांची खास यादी केलेली असल्याने आईंनाही तलावाकाठी मनसोक्त चालता येईल. गर्दी मात्र खूप असते. राहण्याची जागा आताच ठरवावी.

म्हणजे क्रम असा झाला: पहिल्या आठवड्यात घराजवळची पहाट, एप्रिलच्या उत्तरार्धात मोरटन आणि बॅट्सफर्ड, एप्रिल-मेच्या सांध्यावर अॅशरिज, मेच्या मध्यावर चेस नदी, आणि सुट्टीत लेक डिस्ट्रिक्ट. मधले शनिवार मुद्दाम मोकळे ठेवावेत, कारण एखादा पावसात जाईलच आणि ब्लूबेलचा आठवडा सरकला तर जागा हवी. मेमधले पहिल्या आणि शेवटच्या सोमवारचे बँक हॉलिडे टाळावेत. त्या सुट्ट्यांना रेल्वे बऱ्याचदा रुळांची कामे काढते आणि गाडीऐवजी बसने जावे लागते. कोणत्याही सहलीच्या आदल्या रात्री परतीच्या शेवटच्या दोन गाड्या पाहून ठेवाव्यात. आईंना दोन किलोमीटर चालल्यावर गुडघा कितपत दुखतो आणि जिने चढण्यापेक्षा उतरणे जड जाते का, हे आपण कळवले, तर अॅशरिज आणि चेस दोन्हीकडे नेमके कुठून वळावे ते मी सांगू शकेन.